राइडमध्ये बसण्याआधी उखाणा: थीम पार्कच्या सहलीला घरचे रिवाज कसे लावावेत

आमच्या घरी इमॅजिकाला जायचं ठरलं की पहिला वाद तिकिटावरून होत नाही, ‘या वेळी पहिली राइड कोण निवडणार’ यावरून होतो. मागच्या खेपेला धाकटीने निवडली होती, म्हणजे आता पाळी आजोबांची. आजोबांना एकाही राइडमध्ये रस नाही, पण पाळी सोडायला ते तयार नाहीत.

हे असलं काही आम्ही ठरवून सुरू केलेलं नव्हतं. खोपोलीजवळचं हे पार्क २०१३ साली उघडलं, आणि आमची पहिली सहल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. ती धड झाली नाही. पैसे भरपूर गेले, पाय दुखले, आणि आठवड्याभराने मुलांना विचारलं तर आठवत होते फक्त फ्रेंच फ्राइज. पुढच्या सहली मात्र मुलं अजून तपशिलासकट सांगतात, कारण मधल्या काळात आमचे चार-दोन रिवाज बसले होते. नायट्रो ही तिथली उलटीसुलटी फिरणारी राइड सगळ्यांसाठी तीच, रांगही तीच. आपल्या घरची म्हणून जी सहल आठवते, ती दोन राइडच्या मधल्या वेळात झालेली असते. पहिल्यांदाच कुटुंबाला घेऊन निघत असाल तर हा मधला वेळ कसा लावायचा, ते आमच्या अनुभवातून सांगते. उदाहरणं खोपोलीची आहेत, कारण मला तेच पार्क नीट माहीत आहे. तुम्ही दुसरीकडे जात असाल तर नावं बदलून घ्या.

पायरी पहिली: दोनच ठरवा

पहिल्या वर्षी मी मूर्खपणा केला होता. नऊ ‘परंपरा’ लिहून काढल्या, घराच्या ग्रुपवर टाकल्या, आणि सगळ्यांना एकाच रंगाचे पिवळे टी-शर्ट घेतले. ‘राजासॉरस’ नावाची होडीची राइड आहे. शेवटी होडी वरून धाडकन खाली येते आणि सगळे भिजतात. भिजल्यावर टी-शर्टांचा रंग गेला. सासऱ्यांचं बनियन, मुलांच्या माना, माझी पर्स, सगळं हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखं. उरलेल्या आठ परंपरांचं नाव त्या दिवशी कोणी काढलं नाही.

पण टिकला तो पिवळा रंगच. आता निघताना प्रत्येकाच्या मनगटाला पिवळा रुमाल बांधतो (दोनदा धुऊन घेतलेला). गर्दीत आपलं माणूस लांबून ओळखू येतं, घाम पुसता येतो, आणि मुलांना तो टी-शर्टांचा किस्सा दर वेळी नव्याने सांगता येतो. तेव्हा यादी करू नका. एक रिवाज निघतानाचा आणि एक परततानाचा, एवढे दोन ठरवा. मधले आपोआप सापडतात, बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावर.

रिवाज फुकटचा किंवा फुकटासारखा असावा आणि तो मुलांना मोठ्यांच्या मदतीशिवाय पार पाडता यावा. ‘दर वर्षी हॉटेलात मुक्काम’ हा रिवाज नाही, तो खर्च आहे. ज्या वर्षी जमणार नाही त्या वर्षी त्याची नुसती बोच राहते.

पायरी दुसरी: आदल्या आठवड्यात उंची मोजा

हे काम आधी करा, कारण दिवसातली बहुतेक रडारड इथूनच सुरू होते. मोठ्या राइडना किमान उंचीची अट असते आणि ती राइडगणिक वेगळी असते. पार्कच्या साइटवर पाहून कागदावर उतरवून घ्या. मग घरी दाराच्या चौकटीशी मुलाला अनवाणी उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा, पेन्सिलने रेघ मारा आणि टेपने मोजा. रेघेशेजारी तारीख लिहा. भाड्याच्या घरात असाल तर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला करा.

धाकटी एकदा एका राइडपाशी दोन बोटं कमी पडली. दारावरच्या माणसाने नाही म्हटलं आणि त्याचं बरोबरच होतं. खांद्यावरची दांडी त्या मापाचीच असते, तिथे गयावया करण्यात अर्थ नाही. ती मात्र रांगेतच बसून रडली. तेव्हापासून आमच्याकडे ‘काठीचा पेढा’ आहे. ज्या वर्षी मूल एखाद्या राइडची उंची मोजायची काठी ओलांडतं, त्या वर्षी निघायच्या दिवशी देवापुढे पेढा ठेवायचा आणि तो त्या मुलाने सगळ्यांना वाटायचा. ज्याची उंची अजून कमी आहे त्याला ते घरीच, आईच्या कुशीत कळतं, दोन तास रांगेत उभं राहून नव्हे. आणि पुढच्या वर्षीच्या पेढ्याची ओढ लागते. शिवाय तिकिटाचे दरही मुलांच्या उंचीवर ठरतात, त्यामुळे मोजलेलं वाया जात नाही.

त्याच आठवड्यात प्रत्येक मुलाचं एक पाकीट करा. लग्नात आहेराला वापरतात तसलं साधं, रुपयाच्या नाण्याचं. वर नाव मुलानेच लिहायचं. आत ठरलेली रक्कम टाका, मुलाच्या गल्ल्यातले पैसेही त्यात घालायची मुभा द्या. आत दुकानापाशी ‘आई, हे घे ना’ झालं की उत्तर एकच: पाकिटात बघ. माझा थोरला पहिल्या वर्षी दहा मिनिटांत पाकीट रिकामं करून बसला. पुढच्या वर्षी दिवसभर पैसे राखून शेवटी काहीच न घेता परतला आणि घरी येऊन त्यातून क्रिकेटचा बॉल आणला. मी काही बोलले नाही. नाणं मात्र खर्च करायचं नाही असा नियम आहे, ते पुढच्या वर्षीच्या पाकिटात जातं.

पायरी तिसरी: निघताना आणि वाटेत

उंबरठ्यावर आजीच्या हातून दही-साखर. परीक्षेला देतात तसंच, तळहातावर. याचं वेगळं काही सांगायला नको, हे आपल्याकडे आहेच. फक्त ते घाईत स्वयंपाकघरात उरकू नका, दारातच द्या. मुलांच्या दृष्टीने सहल त्या क्षणी सुरू होते.

आमच्या लहानपणी हे काम बोट करायची. गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तिथे खाडी ओलांडून जायचं. पाळणे नंतर, आधी बोट, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्यांना बोटच जास्त आवडायची. तेव्हा प्रवासातलाच एखादा तुकडा निवडून तो खास करा.

मुंबईकडून गाडीने निघालात तर एक्सप्रेस-वेवर भाताण आणि माडप हे बोगदे लागतात. बोगदा सुरू झाला की ओरडायचं, संपला की एकदम गप्प, हा खेळ घाटातल्या रेल्वेगाड्यांपासून चालत आलेला आहे. काचा मात्र बंद ठेवा आणि चालवणाऱ्याला आधी विचारा. माझ्या नवऱ्याने एकदाच होकार दिला होता.

आम्ही डोंबिवलीचे, त्यामुळे आता लोकलनेच जातो. कर्जतला डबा रिकामा होतो, खिडक्या मोकळ्या मिळतात आणि समोर सह्याद्री उभा राहतो. तिथून पुढची स्टेशनं मुलं एका दमात म्हणतात: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली! पाढ्यासारखा ठेका आहे त्याला, म्हणून बघा. या फाट्यावर गाड्या कमी आहेत, वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहा. परतीच्या गाडीची वेळ तर तळहातावर लिहून ठेवली तरी चालेल. खोपोली स्टेशनपासून पार्क चालत जाण्यासारखं नाही. बाहेर रिक्षा मिळतात, भाडं बसण्याआधी ठरवा.

डबा याच टप्प्यात संपवायचा, कारण बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, केळी. पुऱ्या भिजत नाहीत, हात फारसे चिकट होत नाहीत आणि दुपारी एकपर्यंत पोट शांत राहतं. गाडीने जाणाऱ्यांनी पार्किंगमध्ये डिकी उघडून खावं. त्यातही मजा आहे.

खोपोलीत डोंगरावरून जाड पाइप उतरताना दिसतात. वर लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी टाटांनी इथे आणलं आणि १९१५ साली वीज करून ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. ही माहिती सासरे दर वेळी त्याच वळणावर, त्याच शब्दांत सांगतात आणि मागून दोन्ही मुलं ‘हो आजोबा, एकोणीसशे पंधरा’ म्हणून कोरस धरतात. पहिल्यांदा मला वाटलं त्यांचा अपमान होईल. आता त्यांनी सांगायला उशीर केला तर मुलंच आठवण करून देतात.

पायरी चौथी: आत शिरल्यावर लगेच पळू नका

दार उघडलं की सगळे नायट्रोकडे धावतात. ही राइड अशी आहे की पायाखाली फळी नसते, पाय लोंबकळतात, आणि उलटंसुलटं बरंच होतं. मुलं मोठी असतील तर तुम्हीही जरूर धावा, सकाळी रांग लहान असते हे खरंच आहे. पण घरात सात वर्षांचं आणि सत्तरीचं असं दोन्ही असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. पहिली राइड सगळ्यांना एकत्र बसता येईल अशीच घ्या. निवडणारा पाळीप्रमाणे निवडेल, पण निवड अशा राइडमधूनच करायची.

आमची बहुतेक वेळा घोड्यांची असते, गोल फिरणारी. पंधरा मिनिटं जातात, ती जाऊ द्या. दिवसभर पुन्हा सगळे एका वेळी एका जागी बसलेले सापडणार नाहीत. शिवाय तीच जागा ‘चुकामूक झाली तर इथे यायचं’ म्हणून ठरते. सगळ्यात लहान मुलालाही ‘आपण पहिल्यांदा बसलो ते घोडे’ हे सांगता येतं, नकाशा वाचता येत नसला तरी.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगते. वॉटर पार्क वेगळं आहे, त्याचं तिकीटही वेगळं. पहिल्याच खेपेला दोन्ही एका दिवसात कोंबू नका. ओल्या कपड्यांच्या पिशव्या सांभाळण्यात कसलेही रिवाज टिकत नाहीत. आणि जमलं तर शाळेच्या सुट्टीचे आठवडे टाळा. मे महिना आणि दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे पार्क बघायला नव्हे, माणसं बघायला जाणं.

पायरी पाचवी: रांग हीच खरी जागा

गर्दीच्या दिवशी राइड दोन मिनिटांची आणि रांग तासाची. मोबाइल हातात दिला की तो तास संपतो खरा, पण घरी काहीच येत नाही. आमच्याकडे लहान रांगेला भेंड्या असतात आणि मोठ्या रांगेला उखाणा. दांडी खाली येण्याआधी प्रत्येकाने उखाणा घ्यायचा, नवराबायकोने एकमेकांचा, मुलांनी कोणाचाही. जुळवायला अख्खी रांग मिळते.

याची सुरुवात सासूबाईंनी केली. पहिल्या वर्षी घोड्यावर बसायलाच तयार नव्हत्या. ‘या वयात काय शोभतं का’ वगैरे झालं. बसल्या, आणि घोडा हलल्याबरोबर मोठ्याने म्हणाल्या:

लाकडी घोड्यावर बसले मी साठी ओलांडून,
अमुकरावांचं नाव घेते दांडा घट्ट धरून.

(नाव त्यांनी नीट घेतलं होतं, इथे मी गाळलंय.) पलीकडच्या घोड्यावरच्या अनोळखी बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर सुटका नाही. थोरल्याने नायट्रोच्या रांगेत जुळवलेला असा आहे:

दीड तास रांगेत, पायाला आले गोळे,
आईचं नाव घेतो, भीतीने तिचे मोठे झाले डोळे.

मात्रा मोजू नका. रांगेत पुढेमागे मराठी माणसं असली की ती ऐकतात, मग त्यांच्यातलं कोणीतरी हळूच एक टाकतं. उखाणे तुमच्या घरात चालत नसतील तर कोडी घाला, ‘ये रे ये रे पावसा’वाल्या वयाची मुलं असतील तर गाणी म्हणा. मुद्दा एवढाच की रांगेसाठी काहीतरी ठेवलेलं असावं आणि ते फक्त तिथेच करायचं, घरी नाही.

राजासॉरसच्या रांगेसाठी आमच्याकडे एक खास प्रश्न आहे: हा डायनासोर खरा की खोटा? खरा! नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये त्याचे अवशेष सापडले आणि २००३ साली त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव मिळालं. धाकटी हे प्रत्येक रांगेत पुढच्या माणसाला सांगते. काही जण ऐकून घेतात.

पायरी सहावी: जे बसत नाहीत त्यांचं काय

याचा विचार बहुतेक घरं करत नाहीत, आणि आजी-आजोबा दिवसभर पिशव्या राखत बसतात. संध्याकाळी ‘आम्हाला काय, तुम्ही मजा केलीत ना’ हे वाक्य ऐकू आलं तर समजा की चूक आपलीच.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, पिशव्यांची पाळी लावली. कोणीही सलग दुसऱ्यांदा पिशव्यांपाशी बसायचं नाही, नवरासुद्धा. दुसरी, दुपारचा एक तास आजीचा. उन्हाची वेळ असते, मुलंही कोमेजलेली असतात, तेव्हा सावलीतल्या, बसून बघायच्या गोष्टी घ्यायच्या. ‘आय फॉर इंडिया’ आहे, त्यात खुर्चीत बसून पडद्यावर देशभर उडत फिरल्यासारखं वाटतं. सासूबाईंना ती इतकी आवडली की बाहेर येऊन ‘चारधाम कशाला करायचं आता’ म्हणाल्या. चक्कर येत असेल, रक्तदाबाचा किंवा मणक्याचा त्रास असेल, तर बसण्याआधी बाहेरची पाटी वाचा. कोणाला आग्रह करू नका. आग्रहाने श्रीखंड वाढावं, राइड नाही.

त्या तासात मोठ्यांनी मुलांना जत्रेची गोष्ट सांगायची, हा सासऱ्यांनी घातलेला पायंडा. त्यांच्या गावच्या जत्रेतला लाकडी पाळणा माणसं हाताने फिरवायची. त्यावर बसायला मिळावं म्हणून पोरं स्वतःच पाळणा ढकलायची, ढकलल्याच्या बदल्यात एक फेरी फुकट. थोरल्याने विचारलं, ‘म्हणजे राइड चालवणारेच राइडवर?’ आजोबा म्हणाले, ‘हो, आणि उंचीची काठी नव्हती.’

पायरी सातवी: फोटो संध्याकाळी काढा

सकाळी दारापाशी सगळेच काढतात. तुम्हीही काढा, पण राखून ठेवायचा फोटो संध्याकाळचा. जागा तीच, उभं राहण्याचा क्रम तोच, दर वर्षी. सकाळी माणसं फोटोसाठी उभी असतात, संध्याकाळी नुसती उभी असतात. केस विस्कटलेले, एकाची चप्पल हातात, धाकटी बाबांच्या खांद्यावर झोपलेली. आमचे हे फोटो शेजारी ठेवले की मुलांची उंची नुसती दिसत नाही, कोण कोणाच्या खांद्यावरून कधी उतरलं तेही दिसतं.

संध्याकाळी परेड निघते. तिच्यासाठी अर्धा तास आधी कडेला जागा धरा, लहानांना पुढे बसवा. परेड आणि परतीची गाडी यात निवड करायची झाली तर ती सकाळीच करून टाका. संध्याकाळी दमलेल्या मुलांसमोर तो वाद नको.

पायरी आठवी: घरी आल्यावर

जत्रेहून येताना रेवड्या-बत्तासे आणायचे आणि शेजारी वाटायचे, ही जुनी रीत. ती आम्ही तशीच ठेवली आहे, फक्त रेवड्यांच्या जागी चिक्की आली. पार्कातल्या दुकानातलं काही नाही, खोपोलीतूनच अर्धा किलो शेंगदाण्याची घ्यायची. समोरच्या काकूंना द्यायला मुलांनीच जायचं. त्या ‘काय काय केलंत रे’ म्हणून विचारतात आणि सहल पहिल्यांदा शब्दांत येते.

उंबरठ्यावर दृष्ट. मीठ-मोहरी-मिरची घेऊन सासूबाई सगळ्यांना एका ओळीत उभं करतात. माझा यावर विश्वास आहे का, हे मला कोणी विचारत नाही. मुलांना मात्र दिवसभराच्या गोंगाटानंतर तो अर्धा मिनिट गप्प उभं राहणं आवडतं असं दिसतं. मग मुगाची खिचडी, पापड आणि झोप.

झोपेआधी एकच काम: वही. चाळीस पानी साधी वही. उद्या लिहू म्हणालात की ती लिहिली जात नाही, म्हणून चारच ओळी, पण त्याच रात्री. तिकीट डिंकाने चिकटवा आणि शेजारी पेनने तारीख लिहा, कारण मशीनवर छापलेल्या पावतीची शाई काही महिन्यांत उडून जाते. आमच्या पहिल्या वर्षीचं तिकीट आता कोरा पांढरा कागद आहे. त्याखाली कोण आलं, पहिली राइड कोणी निवडली, सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं आणि काय बिघडलं, एवढं लिहायचं. लिहिणारा पाळीने.

मागच्या वेळचं पान धाकटीचं आहे. अक्षर तिरपं, ऱ्हस्वदीर्घ तिचं तिचं. ‘पहीली राईड मी निवडली. घोडे. आजी घोडयावर हसली. बाबा सगळयात मोठयाने ओरडले पण ते नाही म्हणतात. दादाची चप्पल हरवली आणि मिळाली. काठीला अजुन एक बोट.’